विमानाचं कुंकू

वीणा : म्हणजे अकरा महिने हे पत्र या पुस्तकात पडून होतं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

नंदकिशोर : ठाऊक होतं. विसरलो असतो तर बरं, असं पुष्कळदा वाटलं.

वीणा : मी आपली काल पूजेत मांडलेली पुस्तकं उचलत होते, तर हे खाली पडलं. म्हटलं, आपल्याला कानडीत पत्र कोण लिहिणार?

नंदकिशोर : कानडी नाही ते. मराठीच आहे. लिपी तेवढी कानडी. व्यंकोजीचं पत्र आहे.

वीणा : कोण व्यंकोजी?

नंदकिशोर : देवनहळ्ळीच्या पुढे ती छोटी धावपट्टी आहे ना, जिथे विमान चालवायला शिकवतात? तिथली विमानं धुतात ते. साठीच्या पुढचे आहेत. त्यांचं घराणं चारशे वर्षांपासून इकडे कानडी मुलखातच. घरात मराठी बोलतात, पण लिहायला शिकले ते कानडीतच. तीन वर्षांपूर्वी मला तिथे बोलावलं होतं, विमानाच्या रंगाची निगा कशी राखावी ते दाखवायला.

वीणा : आठवलं. त्या दिवशी घरी आलात ते न जेवता झोपलात.

नंदकिशोर : शिकाऊ मुलं हसली मला.

वीणा : कशावरून?

नंदकिशोर : मी म्हटलं, विमान साबणानं खालून वर धुवावं आणि विसळताना वरून खाली यावं, म्हणजे ओघळाचे डाग राहत नाहीत. तर मागून कुणीतरी म्हणालं, आजोबा बाळाला न्हाऊ घालायला आलेत. तसं म्हटलं तर वाईट नव्हतं ते. पण माझे शब्दच संपले. पुढचं सगळं नुसतं हातानं करून दाखवलं. साबण, पाणी, कोरडं फडकं, वॅक्स. तोंडातून अक्षर नाही.

वीणा : पस्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत विमानांच्या रंगांवर काम केलेला माणूस, आणि वीस वर्षांच्या पोरांसमोर गप्प.

नंदकिशोर : व्यंकोजी मात्र पुढे उभे होते. माझ्या हाताकडे बघत होते. डोळ्याचं पातं लवत नव्हतं त्यांचं.

वीणा : आणि त्याच माणसाच्या पत्राला उत्तर दिलं नाहीत.

नंदकिशोर : द्यायचं होतं गं. पहिलं पान कानडी अक्षरांचा तक्ता समोर ठेवून दोन दिवसांत लावलं मी. त्यांनी विचारलंय, आयुधपूजेला विमानाच्या नाकावर हळदकुंकू लावलं, त्याचा पांढऱ्या रंगावर पिवळा डाग राहिला. साबण लावला तर तो आणखी लाल झाला. साहेब रागावले. काय करावं?

वीणा : यात काय अवघड आहे? साडीवरचा हळदीचा डाग उन्हात जातो.

नंदकिशोर : जातो. पण त्या उन्हानं वॅक्सचं काय होतं? मला नक्की माहीत नव्हतं. म्हणून तर बाल्कनीत ते चार पत्रे ठेवलेत रंगवून.

वीणा : ते प्रयोगाचे पत्रे आहेत? मी त्यांच्यावर सांडगे वाळवले मे महिन्यात.

नंदकिशोर : बघितलं मी.

वीणा : आणि बोलला नाहीत.

नंदकिशोर : नाही.

वीणा : अहो, निदान मला तरी विचारायचं. बँकेत असताना मी कन्नडची परीक्षा दिली होती. पाच मिनिटांत वाचून दाखवलं असतं.

नंदकिशोर : लाज वाटली. चाळीस वर्षं या गावाचं पाणी पितोय आणि एक पान वाचायला दोन दिवस. शिवाय तू लगेच म्हणाली असतीस, बसा आणि उत्तर लिहा.

वीणा : म्हणालेच असते. दुसऱ्या पानावर काय आहे?

नंदकिशोर : ते लावलंच नाही. नमस्कार-चमत्कार असतील.

वीणा : चांगलं दोन्ही बाजूंनी लिहिलंय. बसा. वाचते.

नंदकिशोर : आत्ता नको. दसरा आहे आज, श्रीखंडाचं...

वीणा : श्रीखंड कुठे पळून जात नाही. ऐका. "अण्णा, आनखी एक इचारायचं हाय. तुमी धुवायच्या आधी इमानाच्या डाव्या अंगाला, दाराच्या फुडं, ते बारीक वर्तुळ रंगवलेलं हाय, तिथं कागदाची पट्टी चिकटवली. येवडं मोठं इमान, पन तिथंच तुमी पट्टी चार येळा दाबून बघितली." कसली पट्टी?

नंदकिशोर : सांगतो. पुढे वाच.

वीणा : "शेवटी सगळे कॉफीला गेले तवा तुमी ती पट्टी काढून खिशात ठेवली, आनि तिथं वाकून डोस्कं टेकवलं. मी एकटाच बघत होतो." तुम्ही विमानाला नमस्कार केलात?

नंदकिशोर : नमस्कार कुठला. चष्मा घरी राहिला होता. गोंद राहिलाय का ते जवळून बघत होतो.

वीणा : त्यांना नमस्कार वाटला. "वर्तुळाच्या खाली इंग्लिशमध्ये काय लिहिलं होतं ते पुसून गेलं हाय. मी नातीला सांगितलं, हे इमानाचं मर्म. जानत्या मानसानं इथं डोस्कं टेकवलं. ह्या वर्षी नाकावर कुंकू लावून चूक झाली. फुडच्या वर्षी आयुधपूजेला त्या वर्तुळातच लावायचं म्हनतो. डाग पडला तरी वर्तुळाच्या आत ऱ्हाईल." अहो? काय झालं? पांढरे पडलात तुम्ही.

नंदकिशोर : वाच. शेवटपर्यंत वाच.

वीणा : "हे बरोबर का चूक, दोन ओळी लिहा. तुमचं पत्र नाही आलं तर तुमची संमती हाय असं समजतो. रक्षिता, माजी नात, आता इथंच इमान शिकती. तुमाला नमस्कार सांगती." मग खाली सही आणि फोन नंबर.

नंदकिशोर : काल खंडेनवमी होती, म्हणजे त्यांची आयुधपूजा.

वीणा : होती. मग?

नंदकिशोर : त्या वर्तुळात भोक आहे, वीणा. टाचणी जाईल एवढं. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो, आणि त्यावर उंचीचा काटा चालतो, वेगाचाही चालतो. धुताना पाणी जाऊ नये म्हणून पट्टी लावायची आणि मग आठवणीनं काढायची. मी लावली. काढली. का, ते सांगितलंच नाही.

वीणा : आणि त्यांनी तिथे कुंकू लावलं असेल तर?

नंदकिशोर : भोक बुजलं तर जमिनीवरची हवा आत कोंडून राहते. विमान वर गेलं तरी उंचीचा काटा हलत नाही. आणि वेगाचा काटा खाली खाली येतो. विमान चांगलं पळत असतं, पण काटा म्हणतो, थांबलंस, पडणार. मग माणूस घाबरतो आणि नाक खाली दाबतो.

वीणा : नंबर सांगा. नको, मीच बघते. सात, चार, शून्य...

नंदकिशोर : आज उडवणार नाहीत बहुतेक. सुट्टी आहे.

वीणा : दसऱ्याच्या दिवशी नवं काम सुरू करतात लोक. वाजतोय.

नंदकिशोर : कदाचित त्यांनी लावलंच नसेल. कुणीतरी अडवलं असेल.

वीणा : कुणी अडवायचं? उचलत नाहीत.

नंदकिशोर : पुन्हा लाव.

वीणा : लावतेय. तुम्ही खाली बसा आधी.

नंदकिशोर : गाडी बोलावू का? सर्जापूर रोडवरून देवनहळ्ळी, आज रहदारी कमी असेल, दीड तास...

वीणा : दीड तासात काय काय होतं माहितीय का? बसा म्हटलं ना. हॅलो? व्यंकोजी बोलतायत का?

व्यंकोजी : हां, कोन?

वीणा : मी वीणा. रंगवाले नंदकिशोर तुम्हाला दाखवायला आले होते ना विमान धुण्याचं, त्यांची बायको.

व्यंकोजी : अय्यो, अक्का. अण्णा बरे हायत ना? मी परत करतो फोन, आता स्वल्प गडबड हाय इथं.

वीणा : ठेवू नका. हे बोलतायत. बोला हो.

नंदकिशोर : व्यंकोजी, काल त्या वर्तुळात कुंकू लावलंत का?

व्यंकोजी : लावलं, अण्णा. तुमचं पत्र नाही आलं, मग लावलं.

नंदकिशोर : त्या विमानाला कुणी हात लावू देऊ नका. धावपट्टीवर नेऊ नका.

व्यंकोजी : ते वर गेलं हाय.

नंदकिशोर : कोण आहे आत?

व्यंकोजी : रक्षिता. एकटीच. एकटी जाती आता ती, दहा-बारा खेपा झाल्या. दसऱ्याची एक फेरी मारून येती म्हनली. पन काय तरी बिघडलं हाय. ती रेडिओवर म्हनती, वेग कमी होतोय. शिकवनारे नागराज सार तिला सांगतायत, नाक खाली घे, नाक खाली घे. इमान खाली येतंय आनि तरी वेग पुरेसा वाढत नाही म्हनती.

नंदकिशोर : वेग आहे तिला. काटा खोटं बोलतोय.

व्यंकोजी : काय म्हनलात?

नंदकिशोर : त्या वर्तुळात भोक आहे, हवेचं. ते बुजलंय. ओलं लावलंत की सुकं?

व्यंकोजी : ओलं. हळद, कुंकू, स्वल्प चंदन. आनि डाग पडू नये म्हनून आधी तुमी शिकवलं तसं वॅक्स चोळलं. अंगठ्यानं.

नंदकिशोर : अंगठ्यानं.

व्यंकोजी : चूक झाली का, अण्णा?

वीणा : अहो, गप्प होऊ नका. बोला.

नंदकिशोर : व्यंकोजी, नागराजांना एकच वाक्य सांगा. डाव्या अंगाचं हवेचं भोक बंद आहे. बाकी त्यांना कळेल. ते वैमानिक आहेत.

व्यंकोजी : ते माजं ऐकतील का? मी इमान धुनारा. आता जवळ गेलो तर हातानं बाजूला सारलं मला.

नंदकिशोर : आज पुन्हा सारलं तरी सांगा.

व्यंकोजी : आनि ते नसलं तर? दुसरंच काय असलं, इंजिनचं, आनि मी मधे बोललो आनि पोरीचं... अण्णा, तुमाला नक्की म्हाईत हाय का?

नंदकिशोर : मी रंगाचा माणूस आहे. काट्यांचं...

वीणा : अहो.

नंदकिशोर : आत कोंडलेली हवा जमिनीवरची. म्हणजे दाट. बाहेरची विरळ. मग काटा... उतरेल. उतरायलाच हवा. पण इंजिनाचंही असू शकतं, वीणा. मी इथे सोफ्यावर बसून कसं सांगू? माझं चुकलं तर तिकडे...

वीणा : तुम्ही अकरा महिने नक्की व्हायची वाट पाहिलीत. आता त्यांना एक शब्द हवाय. द्या.

नंदकिशोर : थांब. व्यंकोजी, ती उंची किती सांगते रेडिओवर? फक्त तेवढं ऐका.

व्यंकोजी : मगाशी सारनी इचारलं. ती तीन हजार म्हनली. सार म्हनले, अगं समुद्रापासून तीन हजार फूट तर आपली जमीनच हाय, नीट बघ. ती म्हनली, तीन हजारच दिसतंय.

नंदकिशोर : नक्की. व्यंकोजी, नक्की. शंभर टक्के भोकच बंद आहे. पळा. सांगा त्यांना, रंगाचा आजोबा सांगतोय म्हणून सांगा.

व्यंकोजी : सरी, सांगतो, अण्णा. फोन चालूच ठेवतो.

वीणा : घाम आलाय तुम्हाला. पाणी घ्या.

नंदकिशोर : नको. ऐकू येतंय का काही?

वीणा : कुणीतरी कानडीत ओरडतंय. "बाजूला हो" म्हणतायत.

नंदकिशोर : बघ. ऐकत नाहीत.

वीणा : थांबा. व्यंकोजी बोलतायत. चढा आवाज आहे त्यांचा. "माझी नात आहे वर" म्हणतायत. आता सगळे गप्प झाले.

नंदकिशोर : गप्प का झाले?

वीणा : मला काय माहीत.

नंदकिशोर : पडलं असतं तर आवाज आला असता ना? फोनवर आला असता.

वीणा : असलं बोलू नका.

नंदकिशोर : मी त्या दिवशी एवढंच म्हणायला हवं होतं. हे भोक आहे, हे मोकळं ठेवा. सहाच शब्द. हसली असती पोरं, हसली असती. हसून कुणी मरत नाही.

वीणा : श्श. आले ते.

व्यंकोजी : अण्णा, सांगितलं. सारनी आधी मला शिवी दिली, मग एकदम थांबले. मग रेडिओवर म्हनले, रक्षिता, काट्याकडं बघू नको. तो काटा मेला समज. समोर बघ, जमीन आनि आभाळ जिथं मिळतं ती रेघ बघ.

नंदकिशोर : बरोबर.

व्यंकोजी : इंजिन रोजच्यासारखं ठेव म्हनले, आवाज ऐक, रोजचा आवाज हाय का बघ. ती म्हनली हाय. आता ती लांबून वळसा घालून येती. मला दिसतंय, अण्णा. चिमनीयेवढं दिसतंय.

नंदकिशोर : सरळ आहे ना?

व्यंकोजी : सरळ हाय. मी भुईवर बसलो हाय.

वीणा : बसून राहा, व्यंकोजी. आम्ही आहोत फोनवर.

व्यंकोजी : अक्का, सकाळी निघताना ती इमानाच्या भोवती फिरून सगळं तपासती. रोजचा नेम हाय. त्या वर्तुळापाशी आली, कुंकू बघितलं, हात जोडले आनि फुडं गेली. सारनी पन बघितलं. त्यांनी पन हात जोडले. दसऱ्याच्या दिवशी कुंकू कोन पुसंल?

नंदकिशोर : कुणी नाही.

व्यंकोजी : रोज ती तिथं बोटानं चाचपून बघायची. मी इचारलं, काय बघती गं? ती म्हनली, शिकवलं हाय बघायला. आज माज्या कुंकवासाठी नाही बघितलं.

वीणा : कुठवर आलं विमान?

व्यंकोजी : समोर आलं. खाली येतंय. सार म्हनतात, जास्त वेग हाय, हरकत नाही, लांब हाय धावपट्टी, घाई करू नको. ती उत्तर देत नाही.

नंदकिशोर : हात मोकळा नसेल. दोन्ही हात कामात असतील तिचे.

व्यंकोजी : असंल. झाडांच्या वर आलं. अण्णा, मी डोळे मिटतो. मला बघवत नाही.

नंदकिशोर : मिटू नका. बघा आणि मला सांगा. मला इथून काहीच दिसत नाही.

व्यंकोजी : कुंपनाच्या वर... आलं. पट्टीवर आलं. टेकलं. नाही, परत उचललं. उडी मारली. परत टेकलं. पळतंय. लई पळतंय, अण्णा. पट्टी संपत आली.

वीणा : देवा.

व्यंकोजी : थांबतंय. थांबलं. गवतात गेलं फुडचं चाक, पन थांबलं. पंखा बंद झाला.

वीणा : व्यंकोजी? व्यंकोजी, रडा तुम्ही. आम्ही थांबतो.

नंदकिशोर : उतरली का ती?

व्यंकोजी : उतरली. सगळे पळतायत तिकडं. उभी ऱ्हाईली. आता ती इमानाला वळसा घालती. डाव्या अंगाला गेली. नखानं खरवडती हाय, अण्णा. रंग जाईल.

नंदकिशोर : जाऊ दे.

व्यंकोजी : मला जायला पायजे. तिच्या समोर कसा उभा ऱ्हाऊ ते कळत नाही.

नंदकिशोर : व्यंकोजी, चूक तुमची नाही. मी सांगितलं नाही तुम्हाला. पत्रालाही उत्तर दिलं नाही.

व्यंकोजी : मला वाटलं, मोठा मानूस, कामात असंल. मग वाटलं, गप्प हाय म्हंजे हो म्हनतो. अण्णा, आता फोनवर बोललात ते बरं झालं. पन कागदावर लिहून धाडा. त्या भोकाचं, पट्टीचं, सगळं. मी इथं भिंतीला लावतो. उद्या मी नसलो तर इमान धुनारा दुसरा कोन तरी असंल. त्याला कोन सांगनार?

नंदकिशोर : धाडतो.

व्यंकोजी : नक्की?

नंदकिशोर : नक्की.

(तीन दिवसांनी, सकाळी. सर्जापूर रोडवरच्या टपालपेटीपाशी.)

वीणा : टाका आता. की पेटीही हसेल असं वाटतंय?

नंदकिशोर : एकदा शेवटचं बघू दे. तू तपासलंस ना नीट? "मोकळं" मधला ळ बरोबर काढलाय ना मी?

वीणा : कानडी ळ तुम्ही माझ्यापेक्षा वळणदार काढलाय. चार पानं स्वतःच्या हातानं लिहिलीत. तीन दिवस लागले खरे, पण लिहिलीत.

नंदकिशोर : पट्टी लाल लावा असं लिहिलंय ना? पांढऱ्या विमानाला पांढरी पट्टी लावली तर दिसत नाही, राहून जाते. मी त्या दिवशी पांढरीच लावली होती.

वीणा : लिहिलंय. पट्टीचं दुसरं टोक हातभर लोंबतं ठेवा, हेही लिहिलंय. काढलेल्या पट्ट्या मोजा, लावल्या तेवढ्याच निघाल्या पाहिजेत, हेही. हळदीच्या डागाला ऊन दाखवा, साबण नको. काचेवर फडकं गोल फिरवू नका, वर-खाली फिरवा. सगळं आहे.

नंदकिशोर : आणि कुंकवाचं?

वीणा : "कुंकू विमानाला जरूर लावा. पंख्याच्या मधल्या टोपीवर लावा. जिथे भोक आहे तिथे देवाचंही काही लावू नका." हे वाक्य मला आवडलं.

नंदकिशोर : त्यांना वाईट नाही ना वाटणार? देवाचंही, असं म्हटलं म्हणून?

वीणा : परवा फोनवर काय म्हणाले व्यंकोजी? नात त्यांच्या शेजारी बसून दोन तास ते वर्तुळ घासून साफ करत राहिली. त्या माणसाला तुमच्या वाक्याचं काय वाईट वाटणार?

नंदकिशोर : ती पुन्हा उडतेय का?

वीणा : सोमवारपासून. शिकवणारे शेजारी बसणार आहेत आधी.

नंदकिशोर : हं.

वीणा : अजून काय आहे मनात?

नंदकिशोर : शेवटचं पान. "हे मी तुम्हाला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. पोरं हसली म्हणून मी गप्प बसलो. चूक माझी आहे, व्यंकोजींची नाही, हे साहेबांनीही वाचावं." भिंतीवर लागणार आहे ते. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचेल.

वीणा : तीनदा खोडलंत आणि तीनदा लिहिलंत. ते खोडलेलंही दिसतंय. दुसरा कागद घ्या म्हटलं तर ऐकलं नाहीत.

नंदकिशोर : दुसऱ्या कागदावर लिहायला बसलो असतो तर ते वाक्य आलंच नसतं.

वीणा : मग टाका.

नंदकिशोर : वजन झालंय बरोबर? तिकिटं पुरतील?

वीणा : पोस्टातल्या बाईनं स्वतः काट्यावर ठेवून तिकिटं दिली. अहो, लोक बघायला लागले. दोन माणसं पेटीसमोर उभी, आणि एकाचा हात पेटीत.

नंदकिशोर : सोडलं.

वीणा : पडलं?

नंदकिशोर : पडलं असावं. आवाज नाही आला. आत आधीची पत्रं असतील का? हल्ली कोण टाकतं पत्र? कडेला अडकलं नसेल ना?

वीणा : हात घालू नका आत. पडलंय. चला, ऊन चढतंय.

नंदकिशोर : पेटी साडेदहाला उघडतात असं लिहिलंय इथे. कानडीत आहे. मी वाचलं आत्ता.

वीणा : बरं. मग?

नंदकिशोर : तू जा घरी. पोस्टमन येऊन पिशवीत घालेपर्यंत मी इथेच बसतो, या कठड्यावर.

वीणा : अजून तासभर आहे.

नंदकिशोर : असू दे.

वीणा : सरका थोडे. मलाही बसू द्या.